पेंडीच्या काट्यावर अक्का

संशोधन करणाऱ्या माणसाला लोक थोडाफार मान देत असतील, असा माझा समज होता. तो पहिल्याच आठवड्यात गेला. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाचं माझं शेवटचं वर्ष होतं. अपंग माणसांना सरकारी दवाखान्याचा उपयोग इतरांइतकाच होतो का, हा माझा विषय. हातात फॉर्मचा गठ्ठा, पिशवीत मोजपट्टी आणि काखेत कुबडी. माझा डावा पाय जन्मापासून आखूड आहे आणि स्वभावानं जरा आळशी. त्यामुळं मी कुणाच्याही दारात उभी राहिले की घरातलं माणूस आधी कुबडीकडं बघायचं, मग गठ्ठ्याकडं, आणि मोठ्या मायेनं सांगायचं, "सर्टिफिकेटाचं ऑफिस हितं न्हाय बाई, तालुक्याला हाय."

"सर्टिफिकेट माझ्याकडं हाय. मी प्रश्न इचारायला आलोय," मी म्हणायची. आमच्याकडं मुली स्वतःला 'आलो, गेलो'च म्हणतात. माझ्या मार्गदर्शक मॅडम पुण्याच्या. त्यांना पहिले सहा महिने वाटायचं की मी वर्गातल्या कुणा मुलाचं बोलणं सांगते आहे.

मी शिवाजी पेठेतली. तिथं वाढलेल्या माणसाला फुटबॉलबद्दल मत असतंच, त्याला पाय असोत नसोत. आणि ते मत मैदानाच्या पलीकडच्या कडेला ऐकू जाईल इतका आवाजही असतो. मॅडमनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मुलाखत घेताना आवाज खाली ठेव, मत घरी ठेव आणि फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा वाच." मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातंय.

फॉर्म मात्र मी जीव ओतून केला होता. त्यातला अकरावा प्रश्न माझा लाडका. 'आरोग्य केंद्रात उपचार घेताना तुम्हाला काही अडचण येते का?' उत्तर 'होय' आलं की पुढं दोन पानं भरून बारीक प्रश्न होते. रॅम्पचा चढ, दाराची रुंदी, तपासणीच्या टेबलाची उंची, संडासाची कडी कुठल्या उंचीवर आहे इथपर्यंत. ती दोन पानं तयार करायला मला महिना लागला होता. उत्तर 'नाही' आलं तर ती पानं सोडून थेट सहीवर जायचं.

मी सव्वीस घरं फिरले आणि सव्वीस सह्या घेतल्या. माझ्या लाडक्या दोन पानांवर शाईचा एक ठिपकासुद्धा पडला नाही.

कोडोलीकडच्या एका घरात पाहुणचार म्हणून मला आधी चहा दिला, मग पोहे, मग पुन्हा चहा. ज्यांची मुलाखत घ्यायची होती ते आजोबा दहा वर्षं अंथरुणावर होते. मी विचारलं, "काही अडचण येते का?" ते म्हणाले, "छे छे! झकास चाललंय." मागं त्यांची सून डोळ्याला पदर लावून उभी होती. मी तिच्याकडं बघितलं तर तीही म्हणाली, "काय न्हाय ओ, सगळं बरं हाय. तुमी पोहे घ्या की आणि." आमच्या भागात घरी आलेल्या पावण्यापुढं रडगाणं गायचं नाही, हा नियम घटनेपेक्षा जुना आहे. त्यात पावणी कुबडी घेऊन आलेली. एका बाईनं तर मला स्पष्टच सांगितलं, "तुझंच एवढं हाय, त्यात आमचं कुटं सांगत बसू?"

मी मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग अभिनंदन. तुझ्या जिल्ह्यात समता आलेली दिसते. आता एक तर विषय बदल, नाही तर प्रश्न कसा विचारतेस ते बघ. महिना उरलाय." मॅडम रागावल्या की फार सभ्य बोलतात. मला सभ्य बोलण्याची भयंकर भीती वाटते.

सत्ताविसावं घर अक्काचं होतं. गाव हातकणंगल्याच्या पुढं. नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या वेळी तिथं चहा मिळायचा नाही. ऊसतोड सुरू झाली होती. ट्रॅक्टरच्या मागं लागून एसटी गोगलगायीसारखी चालली होती आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. स्टँडवर गावातल्या आशाताई मला घ्यायला आल्या. घरोघरी फिरून औषधं पोचवायची आणि सगळ्यांच्या तब्येतीच्या नोंदी ठेवायच्या, हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, "अक्काकडं चला. लई बोलकी हाय."

अक्का पन्नाशीला टेकलेली. लहानपणापासून दोन्ही पायांत ताकद नाही. चार चाकं लावलेल्या एका लाकडी फळीवर बसून ती हातांनी जमीन मागं रेटत घरभर फिरायची. त्या फळीला ती 'माझी गाडी' म्हणायची आणि सुनेनं ती चुकून वाटेतून सरकवली तर "गाडीला हात लावायचा न्हाय" असं ओरडायची. ही सून तिच्या भावाची. घर भावाचं, पण बाहेरची खोली अक्काची. तिथं हातानं चालवायचं शिवणयंत्र, रंगीत रिळांची पेटी आणि गळ्यात टेप. गावातल्या निम्म्या ब्लाउजांची मापं तिला पाठ होती. कोण कुठल्या सणात फुगली आणि कोण कुठल्या दुखण्यात वाळली, हे डॉक्टरच्या आधी अक्काला कळायचं.

चहा झाला. मी आवाज खाली ठेवून अकरावा प्रश्न वाचला.

"काय अडचण न्हाय," अक्का म्हणाली.

माझा पारा चढला. सत्ताविसावा! मॅडमनी सांगितलेलं सगळं विसरून मी पेठेतल्या आवाजात म्हणाले, "अक्का, खरं सांगा. तितं पायऱ्या हायत. रॅम्प हाय त्यावर मोटारसायकली लावलेल्या असतात, मी आत्ता वाटेत बघून आलोय. आणि तुमाला अडचण न्हाय? शेवटचं कधी गेलता तुमी?"

अक्कानं दातात धरलेला दोरा तोडला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं बावळट गिऱ्हाइकाकडं बघतात.

"मी जातच न्हाय की. सात-आठ वर्सं झाली. जायचंच न्हाय, तर अडचण कशाची येणार?"

मी पेन खाली ठेवलं. सव्वीस फॉर्म माझ्या डोळ्यांपुढून गेले. ते आजोबा, ती सून, ते पोहे. कुणीच खोटं बोललं नव्हतं. नदीत न उतरलेल्या माणसाला पाणी खोल आहे का म्हणून मी विचारत हिंडत होते, आणि त्याचं 'नाही' हे उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून घेत होते. मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटायलाही अक्कानं फार वेळ दिला नाही.

"तू शिकलेली हाईस तर एक सांग," ती म्हणाली आणि तिनं अंगातल्या ब्लाउजची कड उलटून दाखवली. आत शिवणीच्या तीन ओळी होत्या, एकीच्या आत एक. "ही मूळची टीप. ही गणपतीला आत घेतली. ही दसऱ्याला. आता परत ढिला झालाय. मी वाळत चाललोय. ह्या बाईला सांगतो तर ही म्हणती, कागदावर सगळं बरोबर हाय."

आशाताईंनी पिशवीतून अक्काचं कार्ड काढलं. रक्तदाबाच्या गोळ्या त्या दर महिन्याला घरी आणून द्यायच्या आणि कार्डावर नोंद करायच्या. वजनाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता. पन्नास. पन्नास. पन्नास. जत्रेतल्या पताकांसारखा ओळीनं लावलेला.

मी आशाताईंकडं बघितलं. त्या आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि मग चिडल्या. "मग काय करू? केंद्रातला काटा उभं राहून वजन करायचा. ह्यांना उभं राहता येत न्हाय. रकाना मोकळा ठेवला तर वरनं बोलणी बसतात. पन्नास लिहिलं की कुणी काय इचारत न्हाय. पन्नास म्हंजे कसं, जाड बी न्हाय, बारीक बी न्हाय."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात मला माझाच केसपेपर आठवला. कॉलेजच्या तपासणीत त्या छोट्या काट्यावर कुबडीशिवाय उभं राहिलं की मी डुलते, आणि कुबडीसकट उभं राहिलं की मागची रांग हसते. म्हणून मी लांबूनच सांगायची, "बावन्न लिहा." बारावीपासून माझं वजन बावन्न आहे. अडचण आली का, असं कुणी मला विचारलं असतं तर मीही म्हणाले असते, छे छे, झकास चाललंय. मी तोंड मिटलं.

"अक्का, शेवटचं खरं वजन कधी झालं?" मी विचारलं.

अक्कानं आठवून पाहिलं. "शाळेत घातलं तवा. मास्तरनी उचलून घेटलतं. मग मास्तरांचं वजन वजा केलं." तिला त्या आठवणीनं हसू आलं. मग ते मावळलं आणि ती म्हणाली, "माझी आई अशीच वाळत वाळत गेली. तिला बी कुणी काट्यावर चढवलं न्हाय." हे तिनं सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं. दोरा दोनदा चुकला. अक्काचा दोरा कधी चुकत नसणार, एवढं मला त्या एका तासात कळलं होतं.

मला एकदम सुचलं असं म्हणायला आवडेल, पण सुचलं आशाताईंना. घरासमोर रस्त्यापलीकडं पशुखाद्याचं दुकान होतं. दारात पोत्यांची थप्पी, आणि जमिनीला लागून असलेला मोठा लोखंडी काटा. म्हशीची सरकी पेंड त्याच्यावर मोजली जायची. चढायला पायरी नाही, उंबरा नाही, लाल आकडे लांबून दिसतील एवढे मोठे. अख्ख्या तालुक्यात मी बघितलेली सगळ्यांत सोयीची आरोग्यसेवा ती होती.

दुकानदार जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून त्यांची आवराआवर चालली होती. मी रस्ता ओलांडून गेले. "पावणं, जरा वजन करायचं होतं."

"किती पोती?"

"पोतं न्हाय. अक्का."

त्यांनी समोर बघितलं. अक्का आपली गाडी रेटत निघालीच होती. एका हातानं तिनं उसाचा ट्रॅक्टर थांबवला होता आणि ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायचं विसरून बघत राहिला होता. खांद्यावरचं फडकं काढून दुकानदारांनी काटा पुसला, एकदा नाही, दोनदा, आणि म्हणाले, "या अक्का."

आमच्याकडं चार माणसं जमली की पैज लागते. इथं पाच मिनिटांत दहा जमली. कुणी पंचेचाळीस म्हणालं, कुणी पन्नास. एक म्हातारा शपथेवर साठ म्हणाला. अक्का त्याच्यावर खेकसली, "तुझ्या म्हशीचं सांग जा." गाडी काट्यावर चढली, लाल आकडे पळाले आणि थांबले. चव्वेचाळीस किलो सहाशे. दुकानदारांनी एका पोत्यावर चादर टाकली, अक्का हातांवर जोर देऊन पोत्यावर सरकली, आणि नुसत्या गाडीचं वजन झालं. पाच किलो आठशे.

वजाबाकी मी केली. दुकानदारांनी केली. शपथवाल्या म्हाताऱ्यानंही बोटांवर केली. अडतीस किलो आठशे.

कुणीच पैज जिंकली नव्हती. आशाताई हातातल्या कार्डाकडं बघत होत्या, त्या पन्नासांच्या ओळीकडं. अक्का मात्र ताठ बसली होती. "बगा," ती म्हणाली. "माझा टेप खोटं बोलत न्हाय." हे म्हणताना तिचा आवाज जिंकल्यासारखा होता आणि चेहरा अजिबात तसा नव्हता.

मला पुरावा हवा होता. दुकानदारांनी पावतीचं पुस्तक काढलं. मालाच्या जागी लिहिलं 'अक्का'. वजनाच्या जागी ३८.८००. मग ते दराच्या रकान्यापाशी अडकले.

"रेघ मार," अक्का म्हणाली. "इकायची न्हाय मी."

हशा पिकला आणि सगळ्यांना श्वास घेता आला. मग अक्काची नजर माझ्याकडं वळली. "आता तू चढ."

"मी कशाला?"

"कशाला म्हंजे? दुसऱ्याचं तेवढं बघायचं व्हय गं?"

दहा माणसांसमोर मी काट्यावर चढले. प्रशस्त काटा होता, कुबडी टेकायला भरपूर जागा, डुलले नाही. कुबडी वजा जाता एकसष्ट किलो. माझ्या आयुष्यातले नऊ किलो इतकी वर्षं कुठं लपले होते कोण जाणे. शपथवाला म्हातारा खूश झाला, त्याचा साठचा आकडा निदान कुणाच्या तरी जवळपास पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंड पोचवायला जाणाऱ्या टेंपोतून अक्का आरोग्य केंद्रात गेली, पोत्यांच्या मध्ये, गाडीसकट. रॅम्पवर नेहमीप्रमाणं मोटारसायकली होत्या. मी पेठेतला आवाज काढला. सात मोटारसायकली दोन मिनिटांत हलल्या. एका गृहस्थाचा तर इंजेक्शनचा नंबर आला होता, तो ते सोडून धावत आला. पण मोकळा झालेला रॅम्प इतका उभा निघाला की अक्काची गाडी दोनदा अर्ध्यातून मागं आली. आशाताई मागून रेटत होत्या, मी कुबडी आडवी घालत होते, टेंपोवाला ओरडून सूचना देत होता. शेवटी आतले डॉक्टर, नुकतेच रुजू झालेले, स्वतःच खाली आले.

मी त्यांच्या हातात पावती ठेवली. वर छापलं होतं 'सरकी पेंड, भुस्सा व कांडी मिळेल'. ते हसले. मग त्यांनी आशाताईंच्या हातातलं अक्काचं कार्ड बघितलं, पुन्हा पावती बघितली आणि हसायचे थांबले. टेंपोच्या फाळक्यावर बसवूनच त्यांनी अक्काला तपासलं, बोटातून रक्त काढलं. साखर खूप वाढलेली होती. कधीपासून, ते सांगता येत नव्हतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं, असं ते हळू आवाजात म्हणाले. आता गोळ्या, पथ्य आणि दर महिन्याला तपासणी. चुकवायची नाही.

"साखरच का?" अक्कानं विचारलं. "कारखान्याच्या गावात राहिलं की आणि काय सापडणार. मीठ?" आणि मग टेंपोत परत चढवताना तिनं माझा हात घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही. मी सोडवूनही घेतला नाही.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या नेहमीसारख्या सभ्य बोलल्या नाहीत, म्हणून मला कळलं की त्यांना आवडलंय. "अकरावा प्रश्न फाडून टाक," त्या म्हणाल्या. "आधी विचार, शेवटचं कधी गेला होता." मुदत वाढवून मिळाली. मी सव्वीस घरं पुन्हा फिरले. पुन्हा पोहे खाल्ले. कोडोलीकडच्या आजोबांना विचारलं, शेवटचं कधी गेलता? ते छताकडं बघत राहिले आणि सुनेनं पदर डोळ्यावरून काढून बोलायला सुरुवात केली. ती तासभर बोलली. बोलून झाल्यावर म्हणाली, "पावणी म्हणून सांगत नव्हतो. आता तू दुसऱ्यांदा आलीस, म्हंजे घरचीच की."

अक्काकडं मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी गेले, तीन महिन्यांनी. ब्लाउज तोच होता, पण आतली एक टीप तिनं उसवली होती. पेंडीच्या काट्यावर बेचाळीस. ती पावती तिनं रिळांच्या पेटीवर चिकटवली होती. तिच्या शेजारी मागच्या दोन महिन्यांच्या पावत्या होत्या. दर महिन्याला ती टेंपोतून केंद्रात जात होती.

अकरावा प्रश्न मी फाडला नव्हता. मॅडमना सांगितलं नाही, पण तो मागच्या बाजूला ठेवून दिला होता. चहा झाल्यावर मी आवाज खाली ठेवून, जसाच्या तसा वाचला.

"आरोग्य केंद्रात उपचार घेताना तुम्हाला काही अडचण येते का?"

"येती की!" अक्का गरजली. "न येऊन सांगती कुणाला? आता जातोय न्हवं मी!" आणि ती सुरू झाली. रॅम्प उभा हाय. दार अरुंद हाय, गाडी घासती. टेबल एवढं उंच की वर चढवायला दोन माणसं लागत्यात आणि दोन माणसं कधीच मोकळी नसत्यात. काटा अजून तोच. खिडकीवरचा माणूस वरनं बघतो, त्याला मी दिसतच न्हाय.

माझी लाडकी दोन पानं भरत चालली होती. 'होय'च्या चौकोनात खूण केली आणि पुढच्या ओळी मला नीट दिसेनात. त्या गठ्ठ्यातलं ते पहिलं 'होय' होतं, आणि इतकी चांगली बातमी मी आजवर कुठल्याच फॉर्मवर लिहिली नव्हती.

अक्कानं टेपच्या टोकानं माझ्या मनगटावर टोचलं. "रडतीस काय? लिही की. अजून संडासाच्या कडीचं सांगितलंच न्हाय."